पावसाने घडवलेला वारा

अमेरिकेच्या मिडवेस्टमधली खेडी आणि नैसर्गिक संकट म्हटलं की आपल्याला टोर्नेडोच दिसतो. मक्याच्या शेतावर उतरलेली काळी सोंड, उडालेलं छप्पर, जीव घेऊन पळणारी गाडी. सिनेमांनी ती सोय करून ठेवली आहे. त्यात आपल्याकडच्या बातम्या तिकडच्या कुठल्याही वाऱ्याला 'चक्रीवादळ' म्हणून मोकळ्या होतात. म्हणून आज मुद्दाम अशा वादळाबद्दल लिहितो, ज्याने बहुतेक सगळा विध्वंस सरळ रेषेत वाहणाऱ्या वाऱ्याने केला आणि तब्बल ११ अब्ज डॉलरच्या आसपास नुकसान केलं.

जागा आयोवा राज्यातली बेंटन काउंटी. आकाराने आपला एखादा मोठा तालुका समजा, पण माणसं जेमतेम पंचवीस हजार. व्हिंटन हे मुख्यालय. बाकी मका, सोयाबीन आणि धान्य साठवायच्या पत्र्याच्या उंच कोठ्या. १० ऑगस्ट २०२० रोजी दुपारी इथल्या अ‍ॅटकिन्स या छोट्या गावाजवळ वाऱ्याचा वेग मोजला गेला ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर. शेजारच्या लिन काउंटीतल्या सीडर रॅपिड्स शहरात पडझड पाहून तज्ज्ञांनी १४० मैलांचा, म्हणजे २२५ किलोमीटरचा अंदाज बांधला. टोर्नेडो एका घरावरून बहुधा काही मिनिटांत पुढे जातो. हा वारा काही ठिकाणी पाऊण तास थांबलाच नाही.

अशा वादळाला देरेचो म्हणतात. हे नाव १८८८ मध्ये आयोवातल्याच गुस्टावस हिनरिक्स या शास्त्रज्ञाने रूढ केलं. १८७७ च्या जुलैत आयोवावरून गेलेल्या अशाच एका वादळाचा त्याने अभ्यास केला होता. आजचा ढोबळ निकष असा: नुकसानीचा पट्टा सुमारे ४०० किलोमीटरहून लांब हवा आणि त्यात बहुतेक ठिकाणी वाऱ्याचे झोत ताशी ९३ किलोमीटर किंवा जास्त हवेत. २०२० चं वादळ दक्षिण डाकोटाच्या कोपऱ्यापासून ओहायोपर्यंत १४ तासांत सुमारे १,२४० किलोमीटर धावलं.

आता माझ्या आवडीचा भाग. एवढा वारा आला कुठून? उत्तर ऐकून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसत नाही: पावसाच्या बाष्पीभवनातून.

माठातलं पाणी गार का होतं हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. पाणी वाफ होताना आसपासची उष्णता घेतं. गडगडाटी ढगातून पाऊस पडताना खालच्या थरातली हवा कोरडी असेल, तर बरेच थेंब वाटेतच विरतात. एक किलो हवेत फक्त एक ग्रॅम पाणी विरलं, तरी ती हवा अडीच अंशांनी थंड होते. तीन ग्रॅम विरलं की साडेसात अंश. थंड हवा जड. ती धपकन जमिनीवर येते आणि पसरू लागते. वळवाच्या पावसाआधी जो गार, धुळीचा झोत अंगावर येतो आणि वाळत घातलेले कपडे उडवतो, तो हाच. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, त्या दुपारचा झोतही गडगडाटी ढगांचाच होता. (होर्डिंग पडलं याचा दोष फक्त वाऱ्याला देता येत नाही, ही वेगळी गोष्ट.)

एका ढगाचा झोत दहा-वीस मिनिटांत दम तोडतो. पण शेजारी-शेजारी असे डझनभर ढग असले, तर त्यांची थंड हवा एकत्र होऊन शेकडो किलोमीटर रुंदीचा जड थर तयार होतो. याला कोल्ड पूल म्हणतात. तो किती वेगाने पसरेल याचं गणित फार सुंदर आहे. समजा थर दोन किलोमीटर जाड आहे आणि बाहेरच्या हवेपेक्षा आठ अंशांनी थंड. बाहेरचं तापमान केल्विनमध्ये ३०० धरलं, तर हवा सुमारे २.७ टक्के जड झाली. गुरुत्वीय त्वरण, थराची जाडी आणि ही टक्केवारी यांचा गुणाकार करा, दुप्पट करा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं सेकंदाला ३२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११६ किलोमीटर. जमिनीचं घर्षण आणि हवेची मिसळ यांमुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरतो. १,२४० भागिले १४ करून पाहा, ताशी सुमारे ८९ किलोमीटर येतात. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर अख्खं वादळ धावतं.

पण मग २०० किलोमीटरचे झोत कसे? इथे थोडं डोकं चालवावं लागेल. थंड थराच्या पुढच्या कडेला गरम, दमट हवा वर उचलली जाते. ती थंड थराच्या डोक्यावरून मागे कलंडू पाहते, म्हणजे कडेशी हवेचा एक आडवा भोवरा तयार होतो. त्याच वेळी वातावरणात जमिनीलगतचा वारा मंद आणि वरचा जोरदार असेल, तर त्या फरकातूनही आडवं फिरणं निर्माण होतं, पण उलट्या दिशेने. दोन्ही तुल्यबळ असले की हवा ना पुढे झुकते, ना मागे. सरळ वर जाते आणि ढग जोमाने वाढत राहतात. १९८८ मध्ये रोट्युनो, क्लेम्प आणि वाइसमन या तिघांनी ही मांडणी केली. तिच्यावर अजून वाद होतात, पण वादळ तासन् तास का टिकतं हे समजायला तिच्याइतकी चांगली शिडी मला माहीत नाही.

यथावकाश थंड थर वरचढ होतो आणि ढगांची रांग मागे कलते. आता वर गरम हवा, खाली थंड हवा, आणि मधल्या उंचीवर दाब कमी. ही पोकळी मागची हवा आत ओढते. तो मागून घुसणारा प्रवाह तीन-चार किलोमीटर उंचीवरचा वेग बरोबर घेऊन येतो, कोरडा असल्यामुळे त्यात पाऊस आणखी विरतो, तो आणखी थंड आणि जड होतो आणि पुढच्या कडेशी जमिनीवर उतरतो. थंड थराची धाव आणि वरून आलेला वेग यांची बेरीज होते. रांगेचा मधला भाग पुढे ढकलला जातो आणि रडारवर धनुष्याचा आकार उमटतो. टोर्नेडोंची प्रतवारी लावणाऱ्या टेड फुजितांनीच या आकारालाही 'बो एको' हे नाव दिलं. धनुष्याच्या दोन्ही टोकांना मोठे भोवरे बसतात आणि मधल्या प्रवाहाला आणखी रेटा देतात. म्हणजे चक्र अगदीच नव्हतं असं नाही. फक्त ते सोंडेचं नव्हतं.

इंधन दमट हवेचं. ती मुख्यतः मेक्सिकोच्या आखातातून येते, पण ऑगस्टमध्ये मकाही हातभार लावतो. एक एकर मका दिवसाला अकरा ते पंधरा हजार लिटर पाणी हवेत सोडतो. वादळाने मग हाच मका आडवा केला.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९३ किलोमीटरला भिंतीच्या चौरस मीटरवर सुमारे ४० किलोचा भार येतो, २०३ ला सुमारे १९५ किलोचा. कापणीआधी कोठ्या बहुतेक रिकाम्या असतात, आणि रिकामी पत्र्याची कोठी चुरगळायला वेळ लागत नाही. लिन काउंटीतल्या ड्वेन आर्नोल्ड अणुवीज केंद्राची बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं सुरू झाली, शीतकरण मनोरे मोडले. ते केंद्र ऑक्टोबरात बंद व्हायचंच होतं. वादळानंतर ते त्या आधी सुरू केलंच नाही.

वादळानंतर समाजमाध्यमांवर 'जमिनीवरचं हरिकेन' ही उपमा फिरली आणि अलास्कातल्या हार्प या वरच्या वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेने हे वादळ सोडलं असाही शोध लागला. हरिकेनची, म्हणजे समुद्री चक्रीवादळाची, ऊर्जा गरम समुद्रातून येते. आयोवात समुद्र नाही. हार्पबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पण एक जुना गैरसमज मात्र खरोखर जीव घेऊ शकतो: वादळ आलं की खिडक्या उघडा, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होईल आणि घर फुटणार नाही. उघड्या खिडकीतून वारा आत शिरतो आणि छपराला आतून उचलतो. खिडक्या सोडून तळघर गाठायचं, तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची आतली, बिनखिडक्यांची खोली.

अनेक राज्यांवरून गेलेल्या या वादळात चार माणसं दगावली. एवढ्या वाऱ्याच्या मानाने आकडा छोटा आहे, आणि घरोघरच्या तळघरांचा त्यात मोठा वाटा असावा. खरी परीक्षा नंतर झाली. काही घरांत दोन आठवडे वीज नव्हती, तीही करोनाच्या साथीत. संघराज्याचा प्रतिबंधक निधी हवा असेल तर काउंटीला आपत्ती आराखडा दर पाच वर्षांनी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात टोर्नेडो, पूर, हिमवादळ असे धोके वेगवेगळ्या रकान्यांत मांडलेले असतात. देरेचोचा खरा त्रास मात्र रकान्यांच्या पलीकडचा: विहिरीचा पंप बंद, पेट्रोल पंप बंद, घरातली ऑक्सिजनची यंत्रं बंद, आणि आडव्या झाडांनी सगळे रस्ते एकदम बंद. खेड्यातल्या घरासाठी तयारी म्हणजे आधी साठवलेलं पाणी, औषधं, जनित्र आणि ते घराबाहेरच चालवायची शिस्त. घरात चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड वादळापेक्षा शांतपणे मारतो.

इशाऱ्याच्या बाबतीत एक सुधारणा झाली. २०२० मध्ये टोर्नेडोचा इशारा आपोआप मोबाइलवर वाजायचा, गडगडाटी वादळाचा वाजत नसे. ऑगस्ट २०२१ पासून हवामान सेवेने ताशी ८० मैलांच्या वाऱ्याला 'विध्वंसक' असा शिक्का देऊन तोही मोबाइलवर वाजवायला सुरुवात केली. अडचण अशी की देरेचोत मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते. म्हणून तिथे अजून बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घरात ठेवायला सांगतात. १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास तो ऐकत बसतो आणि त्यात काउंटीचा सांकेतिक आकडा भरता येतो. बेंटनचा आकडा ०१९०११. तो भरला की लिन काउंटीच्या इशाऱ्याने तुमची झोप मोडत नाही. पण वादळ बहुधा पश्चिमेकडून येतं, तेव्हा पश्चिमेच्या टामा काउंटीचा आकडाही भरून ठेवलेला बरा.