रॉक अँड रोल

रॉक अँड रोल (बोलताना रॉक एन रोल) हा अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि १९५० च्या सुरुवातीला तयार झालेला, नाचायच्या गाण्यांचा प्रकार. मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, शिकागो, सेंट लुइस ही त्याची गावं. ब्लूज (दुःख सांगणारी गाणी), बूगी-वूगी (डाव्या हाताने ठेका धरणारा) पियानो, चर्चमधलं गॉस्पेल (भक्तिगीतं) आणि जंप ब्लूज (ब्लूजचाच नाचरा प्रकार) हे सगळं कृष्णवर्णीयांकडून आलं, आणि गोऱ्या खेडूतांकडून आलं कंट्री, म्हणजे त्यांचं लोकसंगीत. पण वाटा समसमान नव्हता, भाजी काळ्यांच्या घरची आणि वरून कंट्रीची फोडणी असं म्हटलं तर जास्त बरोबर. १९५४ ते १९५८ ही ऐन भराची वर्षं. पुढे १९६० च्या दशकात मागचं 'रोल' गळालं आणि नुसतं 'रॉक' राहिलं, आज ज्याला आपण रॉक म्हणतो ते सगळं, पंक आणि मेटलसकट, याच खोडाला फुटलंय.

हे सगळं गोरा गायक एल्विस प्रेस्लीने सुरू केलं असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. एल्विस स्टुडिओत शिरला त्याच्या आधी पाच-सात वर्षं हे संगीत जोरात वाजत होतं, फक्त त्याचं नाव वेगळं होतं आणि गिऱ्हाईक वेगळं होतं. खरं तर याचा निम्मा इतिहास हा नाव बदलण्याचाच इतिहास आहे.

नाव कुठून आलं

रॉकिंग आणि रोलिंग हे मुळात जहाजाच्या हेलकाव्यांचे शब्द. चर्चमध्ये अंगात आल्यासारखं डोलायचे त्यालाही रॉकिंग म्हणायचे, आणि चर्चच्या बाहेर त्याच शब्दांचा अर्थ सरळ अंथरुणातला होता. १९२२ मध्ये ट्रिक्सी स्मिथ या ब्लूज गायिकेने केलेल्या एका रेकॉर्डच्या नावातच रॉक आणि रोल दोन्ही येतात आणि बाईंना काय म्हणायचंय याबद्दल काहीही शंका राहत नाही. १९४७ मध्ये रॉय ब्राउनने 'गुड रॉकिंग टुनाइट' केलं, पुढच्या वर्षी वायनोनी हॅरिसने तेच जास्त दणक्यात म्हटलं, आणि मग नावात 'रॉक' असलेल्या गाण्यांचं पेवच फुटलं.

कंपन्या मात्र या सगळ्याला 'रेस रेकॉर्ड' म्हणत होत्या, म्हणजे दुसऱ्या जमातीचा माल, त्यांची विक्रीची यादीसुद्धा वेगळी. जून १९४९ मध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाने ते नाव टाकून 'रिदम अँड ब्लूज' असं केलं. शब्द तिथल्याच जेरी वेक्सलर या पत्रकाराचा. यादी वेगळीच राहिली, पाटी तेवढी जरा सभ्य झाली.

तिसरं बारसं केलं अ‍ॅलन फ्रीडने. हा क्लीव्हलँडमधला गोरा रेडिओ निवेदक. तिथल्या एका रेकॉर्डच्या दुकानाचा मालक लिओ मिंट्झ याने बघितलं होतं की गोरी पोरं आपल्या दुकानात येऊन रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड विकत घेतायत. त्याने फ्रीडला गळ घातली आणि जुलै १९५१ पासून रात्री उशिरा 'मूनडॉग' या नावाने फ्रीड हीच गाणी लावायला लागला, मूळ गायकांच्या आवाजातली, आणि त्याला म्हणायला लागला रॉक अँड रोल. २१ मार्च १९५२ ला त्याने क्लीव्हलँड अरीनामध्ये मोठा कार्यक्रम ठेवला. जागा साधारण १०,००० लोकांची आणि तिकिटं छापण्यात घोळ, वर खोटी तिकिटं, त्यामुळे आले त्याच्या दुपटीच्या आसपास. दारं तुटली, पहिल्याच बँडचं जेमतेम एखादं गाणं झालं आणि पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला. रॉक अँड रोलची पहिली मोठी मैफल म्हणून इतिहासात हिचंच नाव आहे, जी झालीच नाही!

१९५४ मध्ये फ्रीड न्यूयॉर्कला गेला, तिथे मूनडॉग नावाचा खराच एक रस्त्यावर वाजवणारा संगीतकार होता, त्याने कोर्टात खेचलं आणि फ्रीडला ते नाव सोडावं लागलं. मग कार्यक्रमाचं नाव 'रॉक अँड रोल' असं ठेवलं आणि तेच देशभर झालं.

ओळखायचं कसं

चार मात्रांचा ठेका, आणि जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. याला बॅकबीट म्हणतात. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय, इथे सम मोकळी सोडून टाळी द्यायची: एक, टाळी, तीन, टाळी. तेवढं जमलं की पाय आपोआप हलतो. खाली बहुतेक वेळा बारा बारचा (चार मात्रांचे बारा तुकडे) ब्लूज, म्हणजे तीन कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर) ठरलेल्या क्रमाने फिरत राहतात. हा बॅकबीट पूर्ण गाणंभर न सोडता वाजवायला सुरुवात कुणी केली यात न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर अर्ल पामर याचं नाव नेहमी येतं, डिसेंबर १९४९ मध्ये पियानोवाला गायक फॅट्स डोमिनोच्या पहिल्या रेकॉर्डवर तोच होता. सुरुवातीला पुढे असायचे पियानो आणि सॅक्सोफोन. गिटार नंतर पुढे आली, आणि ती पुढे आणणाऱ्यांत एक बाई होती.

सिस्टर रोझेटा थार्प. अर्कान्सामध्ये १९१५ चा जन्म, लहानपणापासून चर्चमध्ये गाणारी, गाणी देवाची आणि हातात इलेक्ट्रिक गिटार. १९४४ मध्ये तिने रेकॉर्ड केलेलं एक गॉस्पेल गाणं पुढच्या वर्षी रेस रेकॉर्डच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, त्यातली गिटार ऐकली की पुढे आलेला गिटारवाला चक बेरी कुठून आला ते कळतं. १९४७ मध्ये मेकन गावात तिच्या कार्यक्रमाआधी एक १४ वर्षांचा पोरगा तिचीच गाणी म्हणताना तिने ऐकला आणि त्याला स्टेजवर घेतलं, तो पोरगा म्हणजे पुढे गाजलेला गायक लिटल रिचर्ड. १९६४ मध्ये ब्रिटिश टीव्हीवाल्यांनी मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात तिचं गाणं चित्रित केलं, एका फलाटावर प्रेक्षक आणि समोरच्या फलाटावर ही, पाऊस पडून गेलेला, अंगात जाड कोट, गळ्यात पांढरी गिटार, आणि बाई पावसाचंच गॉस्पेल म्हणतायत. ही चित्रफीत बघितल्याशिवाय या विषयावर वाद घालू नये असं माझं मत.

फाटका स्पीकर

'पहिलं रॉक अँड रोल गाणं कुठलं' या भांडणात सगळ्यात जास्त मतं 'रॉकेट ८८' ला पडतात. मार्च १९५१, मेम्फिस, ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यूवरचा सॅम फिलिप्सचा छोटा स्टुडिओ. आयके टर्नरचा बँड मिसिसिपीहून गाडीत सामान कोंबून आला होता आणि वाटेत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर फाटला. कुणी सांगतं गाडीवरून पडला, कुणी सांगतं पावसात भिजला. दुरुस्तीला वेळ नव्हता म्हणून फिलिप्सने फाटलेल्या कोनात कागद कोंबला आणि म्हणाला वाजवा. गिटारचा आवाज खरखरीत, घशात अडकल्यासारखा यायला लागला, आणि त्याला तोच आवडला, लपवायचा सोडून त्याने तो रेकॉर्डवर पुढे घेतला. पुढे लोकांनी हाच आवाज काढायला हजारो रुपयांचे पेडल विकत घेतले.

रेकॉर्ड शिकागोच्या चेस कंपनीने काढली, रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरला गेली. पण बँड आयके टर्नरचा असून लेबलवर नाव आलं गाणाऱ्या सॅक्सोफोनवाल्याचं, जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याचे डेल्टा कॅट्स, जो बँड अस्तित्वातच नव्हता. आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाकडच्या एका गोऱ्या कंट्री बँडने हेच गाणं स्वतः रेकॉर्ड केलं. त्या बँडचा म्होरक्या होता बिल हेली.

गोऱ्या घरांत शिरलं ते असं

हेलीने १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये 'रॉक अराउंड द क्लॉक' रेकॉर्ड केलं. कंपनीला त्यात फार काही दिसलं नाही, दुसऱ्या गाण्याच्या मागच्या बाजूला टाकलं, आणि ते फारसं चाललंही नाही. १९५५ मध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' नावाच्या शाळेतल्या गुंडगिरीवरच्या सिनेमाच्या सुरुवातीला ते वाजलं आणि थिएटरात पोरं उठून नाचायला लागली. जुलै १९५५ ला बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिला नंबर, आठ आठवडे. त्यातला तो सुसाट गिटारचा तुकडा डॅनी सेड्रोनचा, भाड्याने बोलावलेला वादक, आदल्या एका रेकॉर्डवरचा स्वतःचाच तुकडा त्याने परत वाजवला आणि २१ डॉलर घेऊन घरी गेला. दोन महिन्यांत जिन्यावरून पडून वारला. गाणं गाजलेलं त्याला कळलंच नाही.

तिकडे मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सने १९५२ ला सन रेकॉर्ड्स काढलेली. ५ जुलै १९५४ ला १९ वर्षांचा एल्विस, गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक. हळुवार गाणी जमेनात, मधल्या सुट्टीत एल्विसने चेष्टेचेष्टेत आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचा जुना ब्लूज उड्या मारत म्हणायला सुरुवात केली आणि फिलिप्सने आतून डोकं काढून विचारलं हे काय चाललंय, परत करा. काही दिवसांत स्थानिक रेडिओवर ते वाजलं, फोनवर फोन आले, तर निवेदकाने एल्विसला बोलावून मुलाखतीत मुद्दाम विचारलं, तू शाळेत कुठे होतास? ह्यूम्स हायस्कूल. मेम्फिसमधल्या ऐकणाऱ्यांना तेवढं पुरे होतं, कारण ती गोऱ्यांची शाळा, नाहीतर आवाजावरून लोकांनी त्याला काळा धरला होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए कंपनीने त्याचा करार ३५,००० डॉलरला उचलला. क्रडपला त्याच्या गाण्यांचे हक्काचे पैसे मरेपर्यंत नीट मिळाले नाहीत.

एल्विसला शिव्या घालायची फॅशन आहे, ती मला पटत नाही, तो ही गाणी ऐकतच मोठा झाला होता आणि जीव तोडून गायचा. खरी चीड येते ती कव्हर रेकॉर्डच्या धंद्याची. कृष्णवर्णीय गायकाचं गाणं चाललं की आठवड्याभरात एखाद्या इस्त्रीच्या गोऱ्या पोराकडून तेच म्हणवून घ्यायचं आणि मोठ्या स्टेशनांवर तेच लावायचं, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. १९५५ मध्ये फॅट्स डोमिनोचं 'एन्ट दॅट अ शेम' मुख्य यादीत १० व्या नंबरपर्यंत पोचलं आणि पॅट बूनने म्हटलेलं तेच गाणं पहिल्या.

लिटल रिचर्डने यावर स्वतःचा तोडगा काढला: इतकं जोरात आणि इतकं भरभर गायचं की समोरच्याची फे फे उडावी. सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या स्टुडिओत त्याची गाणी मिळमिळीत होत होती. जेवायच्या सुट्टीत जवळच्या बारमध्ये पियानो दिसला आणि हा पठ्ठ्या त्यावर क्लबात म्हणायचं ते अश्लील गाणं ओरडत सुटला. निर्मात्याने तिथल्या तिथे डोरोथी लाबोस्ट्री या गीतकार बाईंना बोलावून शब्द सोवळे करून घेतले आणि वेळ संपता संपता 'टुटी फ्रुटी' उरकलं. पॅट बूनने तेही म्हटलं, आणि त्याचं परत वर गेलं. आज बूनचं कोण ऐकतं?

चक बेरी वेगळा. सेंट लुइसचा, तिशीला टेकलेला, शब्दांवर जबरदस्त पकड: गाड्या, शाळेची घंटा, पोरगी, पोलीस. 'मेबेलीन' (१९५५) हे एका जुन्या कंट्री गाण्यावरून केलेलं, म्हणजे इथे उलटी गंगा. रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा गीतकार म्हणून त्याच्या जोडीला अ‍ॅलन फ्रीडचं नाव! रेडिओवर वाजवण्याची ती दक्षिणा. गिटारने गाणं सुरू करायची आणि गिटारनेच गायकाला उत्तर द्यायची त्याची पद्धत पुढच्या प्रत्येक बँडने उचलली, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर त्याचं 'जॉनी बी. गुड' आहे, त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीही आहे.

हे सगळं पसरलं त्यात यंत्रांचा वाटा मोठा. १९४९ ला ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) छोटी स्वस्त रेकॉर्ड आली, १९५४ ला खिशातला ट्रान्झिस्टर, म्हणजे पोरांना आईबापांच्या दिवाणखान्यातला रेडिओ लागेना. विरोधही तेवढाच झाला. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनांनी हे संगीत म्हणजे गोऱ्या मुलांना बिघडवायचा कट आहे असं उघड सांगितलं, आणि त्यांना खुपत होतं ते वेगळंच, सभागृहात काळ्या-गोऱ्या पोरांना वेगळं ठेवायला बांधलेला दोर नाचता नाचता खाली पडत होता.

उतार आणि समुद्रापलीकडे

दोन-तीन वर्षांत सगळं आवरलं. १९५७ ला लिटल रिचर्डने ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात संगीत सोडून धर्माची वाट धरली, मार्च १९५८ ला एल्विस सैन्यात गेला, पियानोवाला गायक जेरी ली लुइसने १३ वर्षांच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केल्याचं बाहेर आलं, ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात विमान पडून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर हे गायक गेले, बेरीला अटक झाली. रेडिओवाल्यांनी पैसे घेऊन गाणी लावल्याची चौकशी लागली त्यात फ्रीडची नोकरी गेली आणि १९६५ मध्ये ४३ व्या वर्षी तो वारला.

वाचवलं ते ब्रिटिश पोरांनी. लिव्हरपूल-लंडनच्या मुलांनी या रेकॉर्ड झिजवून झिजवून ऐकल्या होत्या. बीटल्स फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर आले तेव्हा ७ कोटींवर लोकांनी बघितलं. रोलिंग स्टोन्सचं नावच मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या गाण्यावरून, पहिली रेकॉर्ड चक बेरीच्या गाण्याची, आणि १९६५ मध्ये अमेरिकन टीव्हीने बोलावलं तर त्यांनी हाउलिंग वुल्फ या ब्लूज गायकालाही आणा म्हणून हट्ट धरला आणि तो गात असताना हे सगळे त्याच्या पायाशी बसले. अमेरिकेला तिचाच माल परदेशी वेष्टनात परत मिळाला. त्याच सुमारास लोकगीतं गाणाऱ्या बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली, लाँग प्ले रेकॉर्ड हीच कलाकृती झाली, नाचण्यापेक्षा ऐकणं वाढलं, आणि 'रॉक' हा शब्द सुटा झाला. हळूहळू तो गोऱ्यांचा शब्द झाला, इतका की लिटल रिचर्डच्या बँडमध्ये गिटार वाजवून गेलेला जिमी हेंड्रिक्स अपवाद वाटायला लागला.

१९८६ मध्ये रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीने, पहिले मानकरी निवडले. फ्रीडला पहिल्याच वर्षी मान मिळाला. सिस्टर रोझेटा थार्पला २०१८ मध्ये.

आपल्याकडे

आपल्याकडे हे सिनेमातून आलं. १९५७ च्या 'आशा' मधलं 'ईना मीना डीका' हे पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, हिंदी सिनेमातल्या अगदी सुरुवातीच्या रॉक अँड रोल गाण्यांतलं एक. आणि त्याच सुमाराला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा, फारुख बलसारा, 'हेक्टिक्स' नावाच्या शाळेच्या बँडमध्ये पियानोवर हीच अमेरिकन गाणी बडवत होता. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७९ मध्ये म्युनिकच्या एका हॉटेलात अंघोळ करताना त्याला एक गाणं सुचलं, थेट १९५० च्या दशकातल्या एल्विसच्या ढंगाचं, आणि ते १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. त्याच्या क्वीन या बँडचं तिथलं ते पहिलंच नंबर एकचं गाणं.