आल्फ्रिस्टनचं घर ट्यूडर नाही

इंग्लंडमधलं ससेक्स फिरून आलेल्यांच्या फोटोखाली ठरलेली ओळ असते: 'क्यूट ट्यूडर हाउस'. तिथल्या आल्फ्रिस्टन गावचं क्लर्जी हाउस, म्हणजे चर्चशेजारचं पाद्र्यांचं जुनं घर, चौदाव्या शतकातलं. ट्यूडर हे राजघराणं इंग्लंडच्या गादीवर आलं 1485 मध्ये. लाकडी सांगाडा दिसला की ट्यूडर, हा हिशेब आता पुरे.

ट्यूडर घर तुम्हाला ठाऊकच आहे: ओकचा सांगाडा, मध्ये कुडाच्या भिंती, रस्त्यावर झुकलेला वरचा मजला. काळा-पांढरा रंग पुष्कळदा व्हिक्टोरियन काळातली हौस, त्यावर जाऊ नका. शाकारलेल्या छपरावरूनही काही ठरत नाही.

ठरतं ते मजल्यावरून. वरचा मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पुढे आलेला असेल, तर घर अख्खं दुमजली. ही नंतरची पद्धत. आल्फ्रिस्टनचं घर 'वील्डन हॉल हाउस' जातीचं. या जातीत मजला फक्त दोन्ही टोकांना. मधला हॉल जमिनीपासून थेट वाशांपर्यंत मोकळा. समोरून बघताना हा मधला भाग आत ढकलल्यासारखा वाटतो आणि सगळे तसंच सांगत सुटतात. उलटं आहे! हॉलची भिंत तळमजल्याच्या रेषेतच असते, पुढे आलेले असतात ते टोकांचे वरचे मजले. छप्पर मात्र तिन्हींवर मिळून एकच. त्यामुळे हॉलसमोर वळचण अधांतरी राहते आणि तिला वाकड्या लाकडांचे टेकू द्यावे लागतात.

मध्ये मजला का नाही? धुरामुळे. चूल हॉलच्या मधोमध, जमिनीवर, धुराडं नाही. धूर वर चढून छपरातून वाट काढणार. पुढे विटांची धुराडी आली, तेव्हा अशा कितीतरी हॉलांत मजले घातले गेले. आतून ती घरं सरळ दुमजली दिसतात. माळ्यावर चढून काजळलेले वासे बघितले तरच चोरी पकडली जाते. आल्फ्रिस्टनला मान वर केली की पुरतं. 'ओपन हॉल'चं भाषांतर 'खुला चौक' करणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. चौकातून आभाळ दिसतं हो, इथे छप्पर!

हॉलची जमीन खडूचा चुरा ठोकून आंबलेल्या दुधाने पक्की केलेली. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्यांना याचं नवल वाटू नये.

आणि हे घर म्हणजे 'नॅशनल ट्रस्टची', जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेची, 'पहिली मालमत्ता' हेही अर्धवटच. 1896 मध्ये 10 पौंडांना घेतलेली ही पहिली इमारत; पहिली जमीन वर्षभर आधीच वेल्समध्ये, बारमथजवळ मिळाली होती.