“क्रिमीलेअर काढायचंय” म्हणणाऱ्यांसाठी: नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस

आधी शब्दाची तक्रार. मी सांगलीत ऑनलाइन अर्ज भरून देतो. जून उजाडला की जो येतो तो म्हणतो, “पोराचं क्रिमीलेअर काढायचंय.” अहो, क्रिमीलेअर म्हणजे साय, मागास वर्गातल्या पुढं गेलेल्या कुटुंबांचा वरचा थर. आपण सायीत मोडत नाही, याचा दाखला काढायला तुम्ही आलाय. त्यातला ‘नॉन’ खाऊ नका. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

दुसरं वाक्यही ठरलेलं, ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याबद्दल: “दोन्हीकडं आठ लाखच हाय न्हवं? मग एकच दाखला चालंल की.” नाही चालत. आठ लाख हा वर्षाच्या उत्पन्नाचा आकडा तेवढा सारखा आहे. तो कशाला लावायचा, हे दोन्हीकडं पार वेगळं आहे.

ईडब्ल्यूएस बहुतेकांना कळतं, म्हणून थोडक्यात. 2019 ची 103 वी घटनादुरुस्ती, 10 टक्के जागा, आणि त्या दुसरं कुठलंच आरक्षण नसलेल्यांना. इथं प्रश्न सरळ आहे: घरात पैसा किती येतो? पगार, शेती, दुकान, भाडं, सगळं एकत्र, अर्जाच्या आधीच्या आर्थिक वर्षातलं.

नॉन-क्रिमीलेअर हा प्रश्न इतका सरळ विचारत नाही. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात न्यायालयानं सांगितलं, की मागास वर्गातली जी कुटुंबं सामाजिकदृष्ट्या पुढं गेली त्यांना बाजूला काढा. त्याचे निकष सप्टेंबर 1993 मध्ये आले. तेव्हा मर्यादा 1 लाखाची होती, 2017 पासून ती 8 लाख आहे. या 8 लाखांत आईवडिलांचा पगार धरत नाहीत. शेतीचं उत्पन्नही धरत नाहीत. हे वाक्य मी दर जूनमध्ये शंभरदा म्हणतो आणि समोरचा प्रत्येक जण माझ्याकडं संशयानं बघतो.

गेल्या हंगामात जिल्हा परिषदेचे एक शिक्षक आले. महिन्याला नव्वद हजार पगार, शेती नाही, मुलगी बारावी झालेली. “आमचं काय निघत न्हाई, ओपनमधनंच भरा.” हातात तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, त्यावर 10 लाख 80 हजार. त्या दाखल्यावर पगार लिहिलेला असतो, तो आकडा बघूनच माणूस हाय खातो. सर मराठा. राज्यात मराठ्यांना 2024 पासून एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं) 10 टक्के आरक्षण आहे, त्यालाही नॉन-क्रिमीलेअर लागतं. पगार वगळला तर सरांचं बाकी उत्पन्न म्हणजे बँकेतल्या ठेवीचं थोडं व्याज. दाखला निघतो! केंद्राच्या यादीत मात्र मराठा ओबीसी नाही, म्हणून तिथं ईडब्ल्यूएसचा रस्ता. आणि तिथं पगार धरतात, म्हणून तो बंद. एकच मुलगी, एकच बाप, एक कागद निघाला, दुसरा नाही. (कुणबी दाखला निघालेल्यांनी ईडब्ल्यूएसच्या नादी लागूच नये. कुणबी केंद्रातही ओबीसी आहे.)

पगार का वगळला? कारण नोकरदाराचं सामाजिक स्थान पगारावरून नाही, पदावरून मोजायचं ठरलं. कारकून वीस वेतनवाढी घेऊन आठ लाखांच्या वर गेला, तरी समाजात तो कारकूनच. उलट आई किंवा वडील थेट वर्ग एकच्या पदावर लागले असतील, किंवा दोघंही थेट वर्ग दोनमध्ये, तर पगार कितीही असो, मूल सायीत. तेव्हा “नोकरदारांना सगळं माफ” म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हा भागही वाचावा. आणि या दाखल्याला ‘गरिबीचा दाखला’ म्हणणं तर कृपा करून सोडा. गरिबीबद्दल त्यात काही लिहिलेलं नसतं.

किरकोळ फरक पटापट. नॉन-क्रिमीलेअरला लागोपाठ तीन वर्षं बघतात, त्यामुळं हळदीच्या व्यापाऱ्याचं एखादं तेजीचं वर्ष आड येत नाही. ईडब्ल्यूएसला एकच वर्ष. लग्न झालेल्या मुलीचं नॉन-क्रिमीलेअर माहेरच्या कागदांवर निघतं. ईडब्ल्यूएसच्या कुटुंबात आईवडीलही येतात आणि नवराही.

जमिनीचं मात्र मला आजही पटलेलं नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला 5 एकर किंवा जास्त शेतजमीन असली की उत्पन्न न बघताच नाव बाद. नॉन-क्रिमीलेअरमध्ये जमिनीची अट आहे, पण ती बागायतीला लागते: कायद्यानं ठरवलेल्या कमाल जमीनधारणेच्या 85 टक्के किंवा जास्त ओलिताची जमीन असेल तर साय. म्हणजे पाणी आहे का, हे तिथं निदान विचारतात. ईडब्ल्यूएसला कृष्णाकाठचा चार एकर ऊस चालतो, सहा एकर कोरडवाहू माळ चालत नाही.

मुलगा सांगलीत शिकतो म्हणून जतहून एक गृहस्थ आले होते. सातबारा सहा एकरांचा, त्यात दोन एकर नुसता मुरूम. वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी सातबारा घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, “मग एक एकराच्या वर ईकू का, सर?”

त्या माळाला गिऱ्हाईक कोण मिळणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.