‘टू फूट्स’ म्हणणारं मूल नियम शिकलेलं असतं

चार वर्षांचं मूल ‘वन फूट, टू फूट्स’ म्हणालं की घरातले सगळे त्याला दुरुस्त करायला सरसावतात. “फूट्स नाही रे, फीट!” गंमत म्हणजे घरात इंग्रजी बोललं जातं तिथलं मूल आधी बरोबर ‘फीट’ म्हणत असतं आणि काही महिन्यांनी ‘फूट्स’ म्हणू लागतं. पालकांना वाटतं, पोर मागे गेलं. खरं तर ते पुढे गेलेलं असतं. ‘फीट’ त्याने ऐकून पाठ केलेलं होतं. ‘फूट्स’ मात्र त्याला कोणीच शिकवलेलं नाही, ते त्याने स्वतः तयार केलं.

मूल खरंच नियम वापरतं की ऐकलेले शब्दच परत म्हणतं? जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने 1958 साली हे तपासून पाहिलं. तिने चार ते सात वर्षांच्या मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा ‘वग’. मग दोघांचं चित्र दाखवलं आणि वाक्य अर्धवट सोडलं: आता हे दोन... असा शब्द जगात नसल्यामुळे तो कोणाच्या पाठांतरात असणं शक्यच नव्हतं. तरी बालवाडीतली 76 टक्के आणि पहिलीतली 97 टक्के मुलं ‘वग्ज’ म्हणाली.

हे मराठीत तुम्हीही करून पाहू शकता. हा एक ‘झुपा’. आता हे दोन...? तुम्ही ‘झुपे’ म्हणालात. आणि ‘झुपी’ असती तर ‘झुप्या’.

आता ‘वग्ज’चा शेवट नीट ऐका. तिथे ‘स’ नाही, ‘जहाज’ शब्दातल्या शेवटच्या ‘ज’च्या जवळचा आवाज आहे. इंग्रजी लिहिताना शेवटी ‘एस’च दिसतो, पण बोलताना तीन आवाज निघतात: ‘कॅट्स’मध्ये स, ‘डॉग्ज’मध्ये ज, ‘ग्लासिज’मध्ये इज. कुठे कोणता, हे आपली वर्णमाला सरळ सांगते. गळ्यावर दोन बोटं ठेवून ‘स्स्स्’ म्हणा, बोटांना काही जाणवणार नाही. मग माशी गुणगुणते तसा लांब आवाज काढा, बोटांखाली थरथर जाणवेल. ही थरथर स्वरतंतूंची. ती नसलेली व्यंजनं अघोष आणि असलेली घोष. आपल्या वर्णमालेच्या प्रत्येक वर्गातली (जसं क, ख, ग, घ, ङ) पहिली दोन अक्षरं अघोष, पुढची तीन घोष.

शब्दाचं शेवटचं व्यंजन अघोष (क, ट, प, फ) असेल तर प्रत्ययही अघोष, म्हणून स. ते घोष असेल किंवा शेवटी स्वर असेल तर ज. स्वरतंतू चालू असताना मधेच बंद करण्यापेक्षा चालूच ठेवणं जिभेला आणि गळ्याला सोयीचं पडतं. संस्कृतातही हेच घडतं, फक्त उलट दिशेने. ‘वाक्’ आणि ‘ईश’ जोडले की ‘वागीश’ होतं, म्हणजे पुढच्या ध्वनीसाठी मागचा बदलतो. इंग्रजी अनेकवचनात मागच्या ध्वनीप्रमाणे पुढचा बदलतो. मराठी माणसाच्या तोंडी ‘चिप्स’ आणि ‘शूज’ कोणी न शिकवता बरोबर बसलेत, ते या नियमानेच झालेले शब्द आहेत.

तिसरा आवाज, म्हणजे शब्दाच्या शेवटी स, श, च असे आवाज असले की लागणारा ‘इज’, मुलांना सर्वांत उशिरा जमतो. बर्कोच्या पहिलीतल्या मुलांपैकी 99 टक्के ‘ग्लासिज’ बरोबर म्हणाली. ‘टॅस’ या काल्पनिक शब्दाचं ‘टॅसिज’ करणं मात्र 39 टक्क्यांनाच जमलं. बाकीच्यांपैकी बरीच मुलं ‘दोन टॅस’च म्हणत राहिली. ‘ग्लासिज’ त्यांना अख्खा शब्द म्हणून ठाऊक होता, पण त्यामागचा नियम अजून पक्का नव्हता. शिवाय ‘टॅस’च्या शेवटी स असतोच, त्यामुळे अनेकवचन झाल्यासारखंच कानाला वाटतं.

म्हणूनच ‘शेवटी एस, एक्स, सीएच, एसएच असेल तर ईएस लावा’ हा स्पेलिंगचा नियम पहिलीतल्या मुलाकडून घोकून घेणं मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, आणि आपली बहुतेक मुलं ती भाषा वर्गातच ऐकतात. त्यांना आधी भरपूर ऐकायला मिळू दे. वर्गात एक विचित्र प्राणी काढा, त्याला नाव द्या, मग दोन काढा. तीन वर्षांच्या मुलाला ‘अचूक व्याकरण’ शिकवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. त्या वयात ‘फूट्स’ येणं स्वाभाविक आहे आणि ते कोणत्याही वर्कशीटने टळत नाही.

‘फीट’ असं का झालं, तेही सांगतो. फार पूर्वी या शब्दाच्या अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’ होता. त्या ‘इ’ने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढलं आणि पुढे प्रत्ययच गळून पडला. उरला तो बदललेला स्वर. टूथ–टीथ, गूस–गीस, माउस–माइस यांची जन्मकथा हीच. हे मुलाला नियमाने कळणार नाही, असे शब्द कानावर पडून पडूनच बसतात. त्यामुळे ते ‘टू फूट्स’ म्हणालं की त्याला थांबवू नका. “हो, टू फीट! आता मोजे कुठे आहेत?” असं म्हणून गप्पा पुढे न्या.