जिवाणूंचा प्रतिजैविक-रोध

एखाद्या जिवाणूला पूर्वी मारणारे प्रतिजैविक पुढे त्याच्यावर चालेनासे होते, याला प्रतिजैविक-रोध म्हणतात. अलेम्बिकसारखा औषधकारखाना १९०७ पासून ज्या शहरात आहे, त्या बडोद्यातही दांडिया बाजारच्या मराठी घरांत ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असेच म्हणतात. शरीर तेच असते. बदलतो तो जिवाणू.

हा बदलही औषध घडवत नाही. जिवाणू दुभंगताना जनुकांची नक्कल अधूनमधून चुकते आणि एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. असे जिवाणू औषधाशी गाठ पडण्याआधीच अस्तित्वात असतात, हे एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन वापरून दाखवले. औषधाने बाकीचे मरतात. हे उरतात आणि फोफावतात.

याहून वेगवान मार्ग देवाणघेवाणीचा. रोधाची जनुके बहुधा प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या वलयावर असतात आणि त्याची प्रत शेजारच्या, प्रसंगी वेगळ्या जातीच्याही, जिवाणूकडे जाते. एका प्लास्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके असतील, तर त्यांतले एकच औषध वापरले तरी सगळ्यांचा रोध टिकतो.

काही जिवाणू विकराने (एन्झाइमने) औषधाचा रेणूच तोडतात. पेनिसिलीन मोडणारे विकर १९४० मध्येच, म्हणजे ते औषध बाजारात येण्यापूर्वी, नोंदले गेले होते. काही जिवाणू आत आलेले औषध बाहेर फेकतात, तर काही औषध जिथे चिकटते ती जागाच बदलतात. टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सासिन भारतात आता सहसा चालत नाही, ते मुख्यतः या शेवटच्या कारणाने.

कल्चरमध्ये, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या तपासणीत, हे डोळ्यांना दिसते. आगार या जेलीसारख्या पदार्थाच्या थाळीवर जिवाणू पसरून त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात आणि थाळी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ पुरेसे मोठे असेल तर रिपोर्टात ‘एस’ येतो, म्हणजे औषध चालते. जिवाणू चकतीपर्यंत भिडले असतील तर ‘आर’, म्हणजे रोध. पण हा रिपोर्ट हाती येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि गोळी बहुधा पहिल्याच तापाला सुरू झालेली असते.

सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर प्रतिजैविकाचा उपयोग शून्य. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंमध्ये मात्र रोध असलेल्यांची निवड होते, आणि तिथली जनुके रोगजंतूंच्या हाती लागू शकतात. म्हणून ‘कोर्स पुरा करा’ एवढाच सल्ला अपुरा आहे. विनाकारण घेतलेला पुरा कोर्सही रोध वाढवतो. क्षयरोगात मात्र उपचार अर्धवट सोडणे खरोखर घातक.

मार्च २०१४ पासून भारताच्या औषध नियमांतल्या ‘एच-१’ अनुसूचीतल्या (यादीतल्या) औषधांसाठी दुकानदाराला रुग्ण आणि डॉक्टर यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. सेफिक्झिम त्या यादीत आहे. अमॉक्सिसिलिन नाही, ते साध्या ‘एच’मध्ये येते, चिठ्ठी तिथेही सक्तीची.