नाशिकची माळरानं

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या अंगाला, साधारण सिन्नरपासून येवला, नांदगाव, चांदवड, देवळा, मालेगावपर्यंत मधूनमधून जे मुरमाड, गवताळ, तुरळक काटेरी झाडांचे पट्टे दिसतात ती ही माळरानं. शास्त्रात यांना सवाना किंवा गवताळ परिसंस्था म्हणतात, सातबाऱ्यावर बऱ्याचदा पडीक किंवा गायरान, आणि गावात नुसता माळ नाहीतर बरड. नाशिक म्हटलं की त्र्यंबकचे धबधबे, द्राक्षं आणि सध्या कुंभमेळा एवढंच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे या भागाबद्दल नाशिककरांनाच फारसं माहीत नसतं. आणि ज्यांना माहीत असतं त्यातले निम्मे लोक "इथे झाडं का लावत नाहीत" असंच विचारतात.

पाऊस आणि जमीन

एकाच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवले की मागे उरेल ते या तालुक्यांना. खाली सगळा बेसॉल्टचा खडक, त्यावर मुरूम, आणि मुरमावर वीतभर माती असली तर असली. नदीकाठची काळी जमीन आधीच नांगराखाली गेली, उरलेल्या उंचवट्यांवर आणि उतारांवर माळ राहिला. एवढ्या पातळ मातीत घनदाट जंगल होत नाही, पण गवताला ती पुरते, कारण पावसाचे चार महिने भराभर वाढायचं, बी टाकायचं आणि बाकीचे आठ महिने मुळांत जीव धरून बसायचं हे गवताला जमतं. वरून पिवळं, मेलेलं दिसतं ते तेव्हाही जिवंतच असतं. बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं जगणाऱ्या, गवताचा बराच भाग जमिनीखाली असतो आणि माळ जो कार्बन साठवतो तोही मुख्यतः मातीत आणि मुळांत, म्हणून वणवा लागला तरी जंगलासारखा सगळाच्या सगळा धुरात जात नाही.

गवतं आणि बाकीच्या वनस्पती

भारतातल्या गवतांचा मोठा सर्व्हे दबडघाव आणि शंकरनारायण यांनी केला आणि १९७३ मध्ये देशातल्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार पाडले. त्यातला सेहिमा-डायकॅन्थियम हा प्रकार दख्खनच्या पठारावर सगळीकडे आहे, नाशिकचा माळही त्यातच मोडतो. नावं अवघड वाटली तरी गवतं ओळखीचीच आहेत, सेहिमा म्हणजे शेडा आणि पवना, डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. ही गुरांना आवडणारी, पौष्टिक, बहुवर्षायू गवतं. जोडीला कुसळी, अंजन, हरळी आणि उतारांवर वासाचं रोशा गवत, ज्याचं तेल काढायच्या भट्ट्या पूर्वी शेजारच्या खानदेशात चालायच्या.

माळाची तब्येत कशी आहे हे कळायला कुठलं गवत जास्त आहे ते बघायचं, ही या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट. शेडा, पवना भरपूर असेल तर माळ चांगला. चराई वाढली की जनावरं आवडीचं गवत आधी खातात, त्याला बी धरायला वेळच मिळत नाही आणि मग कुसळी वाढते, तिची कुसळं मेंढरांच्या लोकरीत, तोंडात घुसतात म्हणून पिकल्यावर तिला कोणी तोंड लावत नाही. त्याच्याही पुढे गेलं की अरिस्टिडासारखी बारीक, वर्षभरात मरणारी गवतं आणि उघडा मुरूम. शेवटी गाजर गवत आणि तरवड, कारण तरवडाला शेळीही सहसा तोंड लावत नाही. म्हणून अभ्यासक एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवून आतली प्रत्येक जात मोजतात, काही तुकड्यांना कुंपण घालून चराई बंद करतात, शेजारचा तुकडा चरायला मोकळा ठेवतात आणि दोन्हीत काय फरक पडतो ते वर्षानुवर्षं बघतात. काम कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही, एका पावसाळ्यात माळ कळत नाही, कारण पाऊस एक वर्ष दुप्पट आणि पुढच्या वर्षी निम्मा असं इथे सर्रास होतं.

झाडं आहेतच, पण लांब लांब. हिवर, बाभूळ, बोर, खैर, पळस, कुठे हिंगणबेट. सावली कमी पडते म्हणून गवत टिकतं.

पश्चिमेकडे चित्र वेगळं, तिथली गवताळ पठारं जास्त पावसाची. त्र्यंबकजवळच्या अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प वाढतं, ही जात २००६ मध्ये शास्त्राला नव्याने कळली आणि तिला नावच या डोंगराचं मिळालं. ती वाढते मोकळ्या गवतात, दाट झाडीत नाही.

हा माळ जंगल तोडून झाला का?

बहुतेकांची समजूत तशीच आहे, की पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं आणि माणसाने ते तोडून उजाड केलं. काही ठिकाणी झाडतोड झालीच आहे, ते नाकारायचं कारण नाही, पण सगळ्या माळाला ते लागू होत नाही. उष्ण प्रदेशातली सी-४ प्रकारची, म्हणजे कडक ऊन आणि उष्णता सोसणारी गवतं भारतीय उपखंडात साधारण ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणात पसरली, म्हणजे कुऱ्हाडवाला माणूस यायच्या कितीतरी आधी. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर मराठी माणसाला खास आवडेल असा आहे. त्यांनी पश्चिम महाराष्ट्राबद्दलचं जुनं मराठी वाङ्मय, आख्यानं, ओव्या चाळून त्यातले रानवनस्पतींचे उल्लेख वेचले आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश जाती सवानातल्या निघाल्या, दाट जंगलातल्या नाहीत. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही तिथे बाभळी, तरवड आणि गवतच होतं. नेर्लेकर आणि सहकाऱ्यांच्या २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात महाराष्ट्रातल्या कमी ते जास्त पावसाच्या माळांची तुलना आहे आणि जुन्या माळातल्या वनस्पतींना नांगरट आणि वृक्षलागवड या दोन्हींपासून धोका आहे असं त्यात दिसलं.

आता याच्याशेजारी राज्याचे वृक्षलागवडीचे आकडे ठेवून बघा, २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपांचं टार्गेट. एवढे खड्डे खणायला जागा लागते, शेतकरी आपलं शेत देणार नाही, जंगलात आधीच झाडं आहेत, मग उरतो कोण तर माळ. जेसीबीने चर खणले, त्यात गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली, वरची वीतभर माती गवताच्या मुळांसकट उलटली. रोपं जगली तर गवतावर सावली, मेली तर नुसते खड्डे. हेतू चांगला असतो हे मान्य, पण फोटो निघाल्यावर तिथे शेड्याचं काय झालं हे बघायला कोणी जात नाही.

प्राणी आणि पक्षी

नाशिकच्या माळाचा सगळ्यात प्रसिद्ध रहिवासी म्हणजे येवला तालुक्यातल्या राजापूर-ममदापूर भागातलं काळवीट. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी. त्याची जगायची सगळी युक्ती लांबवर दिसण्यात आणि पळण्यात आहे, त्यामुळे दाट झाडी किंवा वेडी बाभूळ (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं काटेरी झाड) माजली की त्याला ती जागा धोक्याची होते. गंमत म्हणजे गुजरातेत वेळावदरच्या काळविटांवर झालेल्या संशोधनात दिसलं की ही जनावरं वेड्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात आणि बी लेंड्यांतून सगळीकडे पसरवतात, म्हणजे स्वतःचंच रान स्वतः बिघडवतात.

काळविटांशिवाय चिंकारा, लांडगा, खोकड, कोल्हा, तरस, ससा, घोरपड. पक्ष्यांत माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी, तितर, आणि हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी, जे रात्री गवतात जमिनीवरच मुक्काम करतात आणि दिवसा नाकतोडे खातात, शेतकऱ्याचं फुकटचं काम. माळढोक मात्र इथे आता नाहीच समजा. त्याच्यासाठी सोलापूर-नगरकडे १९७९ मध्ये साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं होतं, ते पुढे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, आणि पक्षी तरीही गेलाच.

लांडग्याबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास २०१९ चा, इरावती माजगावकर आणि सहकाऱ्यांचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या निमकोरड्या भागात जवळपास ८९ हजार चौरस किलोमीटरवर त्यांनी बिबट्या, लांडगा आणि तरस कुठे कुठे आहेत ते तपासलं. बिबट्या साधारण ५७ टक्के, लांडगा ६४ टक्के आणि तरस ७५ टक्के भागात निघाले. यातला अगदी थोडा भाग अभयारण्यात येतो, बाकी सगळं शेत, माळ आणि वस्त्या. तेव्हा लांडगा वाचवायचा तर कुंपणाच्या आत वाचवता येणार नाही, तो लोकांच्या रानातच राहणार. त्याला सध्या मोठा धोका गावातल्या मोकाट कुत्र्यांचा, रोगराई तर आहेच, वर पुण्याजवळ लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्धही झालंय.

चराई

इथे अभ्यासकांत आणि वनखात्यात नेहमी खटके उडतात. चराई पूर्ण बंद करा म्हणणारे आहेत, पण माळ तयार झाला तोच खुरांच्या आणि आगीच्या सोबतीने, चरणारं कोणीच नसेल तर वाळलेलं गवत साचतं आणि झुडपं माजतात. धनगर मेंढपाळ एका जागी थांबत नाहीत, वाडा, म्हणजे मेंढरांसह टाकलेला तळ, हलवत राहतात, पावसाप्रमाणे पट्टे बदलतात, त्यामुळे गवताला मधे विश्रांती मिळते. शिवाय शेतात मेंढ्या बसवून खत मिळतं आणि शेतकरी त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. या व्यवहारात दख्खनी मेंढी आणि नाशिक-नगरची संगमनेरी शेळी टिकली, तर पश्चिमेला इगतपुरीकडच्या धो धो पावसात तेलकट कातडीची डांगी गाय. नुकसान होतं ते जायच्या वाटा बंद झाल्यावर, कारण मग तेवढीच मेंढरं उरलेल्या तुकड्यात कोंबली जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ रानं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलंय, तालुक्याच्या पातळीवर त्याचा पत्ता नाही.

संरक्षण

२००२ च्या कायदादुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्र हा प्रकार आला. सरकारी जमिनीवर, लोकांचे हक्क न काढता, ग्रामपंचायतीला समितीत घेऊन. नाशिकने याचा चांगला उपयोग केला, बोरगड (२००८) हे राज्यातलं पहिलं, मग २०१४ मध्ये ममदापूर, नंतर अंजनेरी. बोरगड जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर, ममदापूर मात्र सुमारे ५४, तुलनेला नगर जिल्ह्यातल्या कर्जतचं रेहेकुरी काळवीट अभयारण्य फक्त २.१७ आहे. पण बोरगडचा फॉर्म्युला ममदापूरला चालत नाही. बोरगडकडे पाऊस आहे, तोड आणि चराई थांबली की झाडं आपोआप वर येतात आणि तेच हवं असतं. ममदापूरला झाडं वाढवणं हे यश नाही, तिथे गवत राखणं, वेडी बाभूळ मुळासकट काढणं आणि उन्हाळ्यात पाणवठे भरलेले ठेवणं हे काम.

शेतकऱ्याची बाजूही आहे. काळविटांचा कळप मक्यात, बाजरीत घुसला की रात्रभर राखण करावी लागते, भरपाईची योजना आहे पण कागदपत्रं आणि पंचनामे यात माणूस दमतो. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात काळविटं प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उतरतात आणि घसरड्या कडेवरून वर येता न आल्याने बुडून मरतात, तळ्याला जाळीचं कुंपण किंवा कडेला दोराची शिडी एवढ्यानेही हे थांबतं. याशिवाय रस्ते, मोकाट कुत्री, आणि आता सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी देताना त्यात गायरानंही जातायत. सौरऊर्जा नको असं कोणी म्हणत नाही, पण जागा निवडताना तिथलं गवत आणि जनावरं आधी मोजायला हवीत.

ममदापूरला बघायला जायचं तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावं. गाडी रस्त्यावरून खाली माळात घालू नये, कारण उन्हाळ्यात टिटवी आणि धाविक उघड्या मुरमावरच अंडी घालतात आणि ती खड्यांच्या रंगाची असल्याने चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.