जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा रंग खरवडण्याआधी

साठेक वर्षांपूर्वीची इलेक्ट्रिक गिटार हाती आली की आधी डोळ्यांत भरतात ते तिचे दोष. पांढरा रंग पिवळट पडलेला, अंगभर बारीक भेगांचं जाळं, वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथे लाकूड उघडं. साहजिकच मनात येतं, सगळं खरवडून काढावं आणि मनासारखा झकास रंग द्यावा. माझं म्हणणं असं की पॉलिश पेपर हातात घेण्याआधी तो रंग मुळात काय आहे हे समजून घ्यावं. या दोषांपैकी बहुतेकांमागे सरळ रसायनशास्त्र आहे. ते कळलं की काय जपायचं आणि काय बदलायचं, याचा निर्णय बराच सोपा होतो.

फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर ही गिटार १९५४ साली अमेरिकेत बाजारात आणली. गिब्सन कंपनीची लेस पॉल तिच्या दोन वर्षं आधीची. त्या काळातल्या या गिटारींवर बहुतांशी नायट्रोसेल्युलोज लॅकर फवारलेलं असतं. कापसातल्या किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाला १८४० च्या दशकात ते गवसलं, तेव्हा त्याचा बोलबाला झाला तो स्फोटक म्हणून. त्यातलं नायट्रोजनचं प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या वर गेलं की ते तोफा-बंदुकांच्या कामाचं. बारा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवलं की ते द्रावकात सहज विरघळतं आणि वाळल्यावर कठीण, पारदर्शक थर देतं. ड्यूपाँ कंपनीने १९२० च्या दशकात ‘ड्युको’ या नावाने ते मोटारींसाठी आणलं आणि रंग वाळायला जे कित्येक दिवस लागत, ते काम तासांवर आलं.

गिटार बनवणाऱ्यांनी रंग घेतले तेही मोटारींचेच. फेंडरचा फिएस्टा रेड मूळचा फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. असा खास रंग हवा असेल तर गिऱ्हाइकाला पाच टक्के जादा मोजावे लागत. यातले काही रंग ॲक्रिलिक लॅकरचे होते, पण वरचा पारदर्शक हात बहुधा नायट्रोचाच, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचाच असे. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

लॅकर वाळतं म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं, बाकी काही घडत नाही. नायट्रोसेल्युलोजचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतून मागे राहतात, पण त्यांच्यात नवे रासायनिक बंध तयार होत नाहीत. त्यामुळे वर्षांनंतरही त्यावर द्रावक पडलं तर ते पुन्हा विरघळतं. १९६८ च्या सुमारास फेंडरने पॉलिएस्टरचे जाड थर द्यायला सुरुवात केली. तो पदार्थ वेगळ्या तऱ्हेने वाळतो. त्याचे रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात, मग त्यांना थिनर पुन्हा सोडवू शकत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक सगळ्यांत मोठा. नायट्रोवर टवका उडाला असेल तर बारीक ब्रशच्या टोकाने त्या खड्ड्यात नवीन लॅकरचा थेंब सोडायचा. थेंबातलं द्रावक खड्ड्याच्या कडा मऊ करतं, नवं-जुनं एकजीव होतं. वाळल्यावर थेंब बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एक थेंब. पृष्ठभागाच्या किंचित वर आला की घासून सपाट करायचा. नीट केलं तर जोड शोधून सापडत नाही. पॉलिएस्टरवर हे जमत नाही. तिथे नवा थर जुन्यावर नुसता बसतो आणि कडेची रेघ दिसत राहते.

आता त्या पिवळेपणाकडे येऊ. अतिनील किरण आणि उष्णता यांमुळे नायट्रोसेल्युलोजमधले नायट्रो गट हळूहळू सुटतात, नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात आणि उरलेला पदार्थ निळा प्रकाश शोषू लागतो. निळा गेला की डोळ्याला पिवळा दिसतो. ऑलिंपिक व्हाइट गिटार साईच्या रंगाची होते ती यामुळे. निळ्या गिटारवर परिणाम आणखी मजेदार होतो. लेक प्लॅसिड ब्लूवरचा पारदर्शक थर पिवळा पडला की गिटार हिरवी दिसू लागते. पिकगार्डखालचा, म्हणजे तारांखाली बॉडीवर स्क्रूने बसवलेल्या संरक्षक पट्टीखालचा भाग मात्र झाकलेला असल्याने निळाच राहतो. स्क्रू काढून पिकगार्ड उचललं की मूळ रंग आणि आजचा रंग यांची सीमारेषा स्पष्ट दिसते. १९५८ ते १९६० दरम्यानच्या सनबर्स्ट (मध्ये पिवळट, कडेला लाल) लेस पॉलमध्ये उलट प्रकार घडला. तिथे कडेचा लाल रंगच उन्हाने उडाला आणि प्रत्येक गिटार वेगवेगळ्या प्रमाणात फिकी पडली, कुणी चहाच्या रंगाची, कुणी जवळजवळ लिंबाच्या. कारखान्यातून सारख्या निघालेल्या गिटारींना असा स्वतंत्र चेहरा मिळाला, हे मला या सगळ्या रसायनशास्त्रातलं सर्वांत सुंदर फलित वाटतं.

भेगांचं कारण दुहेरी आहे. लॅकर लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेला असतो. तो वर्षानुवर्षं थोडा थोडा निघून जातो आणि थर ठिसूळ होतो. खालचं लाकूड मात्र हवेतल्या ओलाव्यानुसार फुगत-आकसत असतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आणि लांबीच्या दिशेने नगण्य. गिटार थंडीतून एकदम ऊबदार खोलीत आणली, तर थराच्या आणि लाकडाच्या हालचालींचा मेळ बसत नाही. ठिसूळ थर ताण सहन करत नाही आणि तडकतो. या भेगा वरवरच्या असतात, लाकडाला त्यांचा धोका नसतो. त्या बुजवायला जाऊ नये.

जुना रंग मूळचा आहे का, हे ठरवायला अतिनील प्रकाशाची विजेरी फार उपयोगी पडते. अंधाऱ्या खोलीत जुनं लॅकर फिकट हिरवट-पिवळं चमकतं. अलीकडे फवारलेला भाग तसा चमकत नाही, ठिगळासारखा काळसर उठून दिसतो. दुसरा पुरावा पोटात सापडतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर छापलेला आकडा पाहावा. समजा तो १३७६४१५ आहे. पहिले तीन अंक उत्पादकाचे, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन १९६४ सालाचे. शेवटचे दोन पंधराव्या आठवड्याचे. पॉट बदललेला नसेल तर ही गिटार एप्रिल १९६४ च्या आधीची असू शकत नाही. नंतरची मात्र असू शकते, कारण सुटे भाग कारखान्यात पडून राहत.

हे तपासून रंग मूळचा निघाला, तर माझ्या मते त्याला हात लावू नये. मऊ सुती कापड, जेमतेम ओलसर, आणि धीर, बस्स. बाजाराचा अलिखित नियमही हेच सांगतो: मूळ रंग काढून पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत निम्म्यावर येते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे साठ वर्षांत हळूहळू घडलेली ती रासायनिक क्रिया कोणत्याही वर्कशॉपमध्ये परत घडवता येत नाही. मनासारखा रंग द्यायचा तो अशा गिटारला, जिचा मूळ रंग आधीच कुणीतरी काढून टाकला आहे. अशा बॉड्या पुष्कळ मिळतात आणि तिथे हात मोकळा सोडायला हरकत नाही.

विजेच्या भागाचं काम त्या मानाने थोडं असतं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. गिटारची लोखंडी तार चुंबकासमोर थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते; मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये ही तांब्याची तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे बहुतेकांच्या केसाहून बारीक, आणि वेढे आठ हजारांच्या घरात. मल्टिमीटरने सुमारे साडेपाच ते साडेसहा हजार ओहम रोध दाखवला तर पिकअप शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर तार तुटली आहे, पण सगळं वेटोळं उलगडण्याआधी टोकाचे डाग दिलेले सांधे भिंगाखाली पाहावेत. तार बऱ्याचदा तिथेच गंजून सुटलेली असते. १९५९ नंतरच्या काही वर्षांतली हिरवट पडलेली पिकगार्डंही नायट्रोसेल्युलोजचीच, म्हणजे सेल्युलॉइडची असतात. त्यांतून निघणारे वायू ओलाव्यात आम्ल बनतात आणि जवळचे स्क्रू गंजवतात. अशी गिटार बंद पेटीत वर्षानुवर्षं ठेवू नये.

रंगकामाची सुरुवात लाकडापासून होते. ॲश आणि महोगनीला उघडी छिद्रं असतात, ती आधी भरावी लागतात, नाहीतर लॅकर वाळताना त्यांत खचतं आणि पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतात. आल्डरचे रेषे दाट, तिथे ही कटकट कमी. जुन्या बॉडीवर वेगळाच धोका असतो. कधीकाळी चोळलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन लाकडावर राहिलेलं असेल, तर तिथला पृष्ठताण कमी पडतो, ओला रंग त्या जागेपासून मागे सरकतो आणि गोल गोल खड्डे पडतात. घासून हे जात नाही, उलट पसरतं. आधी द्रावकाने पुसायचं, कापड दरवेळी बदलायचं.

फवारताना सगळ्यांत जास्त छळतो तो दमटपणा. द्रावक झपाट्याने उडतं तेव्हा ते पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं आणि थर खोलीच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. हवा दमट असेल तर हे तापमान दवबिंदूच्या खाली जातं आणि ओल्या रंगावर अक्षरशः दव पडतं. पाण्यात नायट्रोसेल्युलोज विरघळत नाही, त्यामुळे ते जागच्या जागी सूक्ष्म पोकळ्यांसकट गोठतं. पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो आणि लखलखीत काळ्या गिटारवर दुधी पडदा येतो. उपाय याच कारणातून निघतो. सावकाश उडणारं द्रावक, ज्याला रंगारी रिटार्डर म्हणतात, त्याचा एक हलका हात दिला की थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि पोकळ्या मिटतात. बंध तयार झालेले नसतात म्हणूनच हे जमतं. सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी मात्र स्प्रे गन बाजूला ठेवलेली बरी.

रंगांमध्ये मला सर्वांत विलक्षण वाटतो तो कँडी ॲपल रेड. त्यात खाली चंदेरी किंवा सोनेरी धातूचा थर असतो आणि वर पारदर्शक लाल. प्रकाश लाल थरातून खाली जातो, धातूवर आपटून परत त्याच थरातून बाहेर येतो, म्हणजे लाल रंग त्याला दोनदा गाळतो. म्हणून तो लाल इतका गडद आणि तरीही आतून उजळलेला दिसतो. यातच त्याची अडचणही आहे. थराच्या जाडीतला छोटा फरक दोनदा मोजला जातो, त्यामुळे हाताचा वेग जरा कमी-जास्त झाला की पट्टे उमटतात. नवशिक्याने आधी टाकाऊ फळीवर हात बसवावा आणि प्रत्येक फेरी बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावी.

शेवटचा हात दिल्यावर तीन-चार आठवडे तरी थांबावं. वास येत असेपर्यंत द्रावक निघतंच आहे आणि थर बसतोच आहे. घाईने चमकवला तर पुढे लाकडाची छिद्रं पुन्हा उमटतात. मग पाण्यासोबत बारीक पॉलिश पेपर, शेवटी २००० नंबरचा. त्याचे कण सुमारे दहा मायक्रॉनचे असतात, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. म्हणून या टप्प्यावर पृष्ठभाग हाताला काचेसारखा लागला तरी डोळ्याला धुरकट दिसतो. ओरखडे प्रकाशाच्या तरंगापेक्षा लहान होईपर्यंत रबिंग कंपाउंडने घासलं की चकाकी येते.

हाताने चित्र काढायचं असेल तर दोन प्रसिद्ध गिटारी डोळ्यांसमोर ठेवाव्यात. बीटल्सचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी आपली सॉनिक ब्लू स्ट्रॅटोकास्टर १९६७ साली झगझगीत फ्लुरोसंट रंगांनी स्वतः रंगवली आणि त्यात पत्नी पॅटी बॉइड यांचं नेलपॉलिशही वापरलं. नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोजच असतो, तेव्हा ते गिटारच्या लॅकरचं अगदी जवळचं नातलग. त्याच वर्षी ‘द फूल’ या डच कलाकारांच्या गटाने गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची गिब्सन एसजी रंगवली. त्या रंगावर पुरेसं संरक्षण नव्हतं आणि वापराने त्याचे पोपडे निघू लागले. पुढे तिच्या एका मालकाला ती दुरुस्त करून घ्यावी लागली. चित्राखालचा चकचकीत थर बारीक पेपरने खरखरीत करून घेतला, की रंगाला धरायला जागा मिळते. वरून पारदर्शक लॅकर देताना पहिले दोन-तीन हात अगदी कोरडे, धुक्यासारखे द्यावेत. ओला हात दिला तर त्यातलं द्रावक खालचं चित्रच विरघळवतं.

सुरक्षेबाबत तडजोड नको. जुन्या लाल-पिवळ्या रंगद्रव्यांत शिसं असू शकतं, म्हणून तो रंग कोरडा घासू नये. रंग काढण्याच्या जुन्या द्रवांमधल्या मिथिलीन क्लोराइडचं शरीरात कार्बन मोनॉक्साइड बनतं. अमेरिकेत सामान्य ग्राहकांसाठी त्याची विक्री २०१९ साली बंद झाली. हार्डनर मिसळायच्या पॉलियुरेथेन रंगांतली आयसोसायनेटं दमा जडवू शकतात. साधा धुळीचा मास्क यांपैकी कोणताच वायू अडवत नाही; फवारताना सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूसवाला मास्कच हवा, पण मिथिलीन क्लोराइड तोही भरवशाने अडवत नाही. आणि नायट्रो भडकन पेटतं, हे त्याच्या इतिहासावरून लक्षात असावंच.

पातळ नायट्रो लाकडाला श्वास घेऊ देतं आणि म्हणून आवाज खुलतो, असं पुष्कळ वादक सांगतात. भरीव बॉडीच्या गिटारमध्ये पिकअप तारेची हालचाल टिपतो आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थर तिच्यात कानाला कळेल इतका फरक पाडत असेल, असं मला वाटत नाही. लॅकर ओलाव्याची ये-जा उलट कमी करतं. नायट्रो निवडायचं ते त्याच्या दिसण्यासाठी, स्पर्शासाठी आणि पुन्हा दुरुस्त करता येतं म्हणून.

नव्याने रंगवलेली गिटार रबरी गादीच्या स्टँडवर टेकवू नका. रबरातला आणि मऊ व्हिनाइलमधला प्लास्टिसायझर लॅकरमध्ये उतरतो, तिथला भाग चिकट होतो आणि स्टँडचा ठसा कायमचा उमटतो. मध्ये सुती कापड ठेवलं, तर हे टळतं.